काही म्हणतंय का?

"समजून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, छाया. दिसतंय ते अक्षर न् अक्षर वाच."

"जी, आय, व्ही, ई," मी वाचलं. "मग आर, डबल ओ, टी. पुढं पासवर्ड असं काहीतरी."

"बास, कळलं." ह्यांनी खुर्ची पुढं ओढली, कीबोर्डवरून बोटं फिरवली आणि एंटर दाबलं. "आता काय आलं?"

"काही नाही. नुसती एक बारकी रेघ लुकलुकतेय."

"मग शिरलो आपण आत!" असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली.

माझे यजमान भूपाल मगदूम जन्मापासून आंधळे. आंधळा म्हटलेलं त्यांना चालायचं, दृष्टिहीन म्हटलं की हसायचे. जयसिंगपुरात एका हायस्कुलात ते इतिहास शिकवायचे. आठव्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा कॉम्प्युटर होता आणि तो बोलायचा. पडद्यावर जे असेल ते एका रुक्ष बाप्याच्या आवाजात धडाधड वाचून दाखवायचा. लिनक्स म्हणून एक प्रकार असतो, तो पुण्याच्या एका मित्रानं त्यांना टाकून दिला होता. फुकट असतो आणि आंधळ्याला कुणापुढं हात पसरायला लागत नाहीत, असं हे येईल त्याला कौतुकानं सांगायचे.

त्या गुरुवारी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नवीन भरणं चाललं होतं आणि नेमकी मधेच लाईट गेली. तेव्हा आमच्याकडं भारनियमन होतं. दुपारी दोनला जायची ती सहाला यायची, त्या दिवशी दीडलाच गेली. परत आल्यावर बघतोय तर आवाज बंद. काळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. आंधळ्याच्या घरात मुका कॉम्प्युटर, घ्या!

ह्यांनी मित्राशी फोनवर तीन दिवस खल केला. शेवटी ठरलं, की सगळं पुसून लिनक्स नव्यानं टाकायचं. पण पुसण्याआधी आतल्या फायली बाहेर काढून घ्यायच्या. कशा काढायच्या ते ह्यांना तोंडपाठ होतं, पण पडद्यावर काय उमटतंय ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण कळत काडीचं नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघं शेजारीशेजारी बसलो. हे टाइप करणार आणि मी वाचणार.

त्याआधी तेजल देवळातल्या पाठशाळेला निघाली होती. तेजल म्हणजे ह्यांची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. दारात चप्पल घालता घालता ती थांबली.

"बाबा, आईचं पुस्तक जाणार नाही ना?"

"नाही जाणार."

"शप्पत घ्या."

"तुझी शप्पत. पळ आता, उशीर होईल."

ही आई म्हणजे मी नव्हे. ती ह्यांची पहिली बायको, पद्मजा. कावीळ होऊन गेली तेव्हा तेजल तीन वर्षांची होती. लग्न झाल्या झाल्या पद्मजानं ह्यांना बी.एड. करायला लावलं. ब्रेलमध्ये पुस्तकं मिळेनात, तर ही बाई टेपरेकॉर्डर समोर ठेवून अख्खी पुस्तकं मोठ्यानं वाचत बसायची. शैक्षणिक मानसशास्त्र, अध्यापन पद्धती आणि कसलं कसलं. मधेच तेजल झाली, तरी वाचन चालूच. त्यात तान्ही तेजल रडते, कुकरच्या शिट्ट्या होतात, "थांब गं बाळा, एवढं पान होऊ दे," असं पद्मजा म्हणते आणि पुन्हा वाचायला लागते. नंतर एका मे महिन्यात ह्यांनी त्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतल्या. एकेचाळीस फायली झाल्या. कॅसेटींना बुरशी धरली होती, त्या टाकून दिल्या.

दर रविवारी न्हाणं झालं की पोरगी कानाला हेडफोन लावून तासभर ते बी.एड. ऐकत बसायची. तिला त्यातल्या व्याख्या पाठ झाल्या होत्या. "अध्ययन म्हणजे अनुभवामुळे वर्तनात होणारा बदल," असं ती भाकरी खाता खाता म्हणायची. आलेगेले पोट धरून हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही, खोटं कशाला सांगू.

माझंही सांगते. मला मूल होणार नाही म्हणून पहिल्या नवऱ्यानं चौथ्या वर्षी माहेरी आणून सोडलं. सहा वर्षं भावाच्या घरात भांडी घासली आणि वहिनीचं बोलणं खाल्लं. मग मगदूम सरांचं स्थळ आलं. लोक म्हणाले, आंधळा आहे, बिजवर आहे, कशाला आगीतून फुफाट्यात जातेस? मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. एक लहान मुलगी आहे, एवढंच ऐकू आलं.

तेजल मला मावशी म्हणायची. घरच्यांनी शिकवलंच तसं होतं. दोन वर्षं मी तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसले आणि दोन वर्षं वाट बघितली. मी कधी तोंडानं म्हटलं नाही की मला आई म्हण. मागून मिळणारी ती वस्तू नव्हे. त्याच बुधवारी मी तिला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवत होते, तर तिनं ते माझ्या हातातून काढूनच घेतलं.

"मावशी, तू नको वाचू. तुला नाही येत वाचायला. आईला येतं."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे घासत बसले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर मुका झाला. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

तर रविवारी आम्ही बसलो होतो. ह्यांनी खिशातून पेनड्राईव्ह काढला. शाळेतल्या पाटोळे भाऊसाहेबांकडून मागून आणला होता. "रिकामाच आहे, सर," असं भाऊसाहेबांनी सांगितलं होतं. तो लावल्यावर ह्यांनी मला नियम सांगितला.

"हे बघ, हा कामाचा गडी आहे. काम झालं की गप्प बसतो. काही बोलला, तर समजायचं की घोळ झाला. म्हणून मी दरवेळी विचारीन, काही म्हणतंय का? तू सांगायचं."

"आणि मला वाचताच आलं नाही तर?"

"तर अक्षरं सांग. मी आहे ना."

पहिल्या खेपेला तो बोललाच. मी अक्षरं सांगत गेले, हे कान माझ्याकडं करून ऐकत होते. ह्यांची ती सवयच. तोंड समोर आणि कान आपल्याकडं. अर्ध्यातच हसले. "माझीच चूक. एक अक्षर जास्त पडलं." पुन्हा टाइप केलं.

"आता काही म्हणतंय का?"

"नाही. गप्प आहे."

"तुझा आवाज त्या बाप्यापेक्षा बरा आहे गं. तुलाच ठेवून घेऊ का कायमची?"

"पगार परवडायचा नाही तुम्हाला," मी म्हटलं. खरंच मजा येत होती. दोन वर्षांत आम्ही असं एका कामाला कधी बसलो नव्हतो.

आधी दहावीचा इतिहास काढला. गावातल्या आणि शिरोळच्या मिळून तीन आंधळ्या पोरांसाठी ह्यांनी अख्खं पुस्तक टाइप केलं होतं, ते जूनच्या आत ब्रेलच्या छापखान्यात जायचं होतं. मग शाळेचे कागद, प्रश्नपत्रिका. मग ह्यांची पत्रं. मग भजनं. दरवेळी विचारायचे, काही म्हणतंय का, आणि दरवेळी मी बघून खरं ते सांगायचे. साडेदहा वाजून गेले.

मग हे थांबले. पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला, प्यायले, ओठ पुसले.

"अजून एक राहिलंय," म्हणाले.

कशाचं ते बोलले नाहीत. एरवी प्रत्येक वेळी सांगायचे, आता इतिहास, आता पत्रं. ह्या वेळी नुसतीच बोटं चालली. मी पडद्याकडं बघत होते. ओळीच्या मध्यावर तीन अक्षरं उमटली. बी, ई, डी. ह्यांनी एंटर दाबलं.

पेनड्राईव्हचा बारका दिवा लुकलुकायला लागला. थोडा वेळ काही झालं नाही. मग एक ओळ आली. तिच्याखाली दुसरी आली. मग भराभर येतच राहिल्या, सगळा पडदा भरला. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच चार-पाच शब्द. बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेय मी, तेवढं मला कळत होतं. जागा शिल्लक नाही, असं तो सांगत होता. पुन्हा पुन्हा सांगत होता. पाटोळे भाऊसाहेबांच्या त्या रिकाम्या पेनड्राईव्हमध्ये त्यांच्या मुलीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ होता, हे आम्हाला नंतर समजलं.

"काही म्हणतंय का?"

ह्यांचा कान माझ्याकडं होता. मला बुधवार आठवला. तुला नाही येत वाचायला.

"नाही," मी म्हटलं. "गप्प आहे."

ह्यांनी पुन्हा काहीतरी टाइप केलं.

"आता खाली फायलींचा आकडा आला असेल. किती?"

मी बघितलं. जागा नाही म्हणाला होता, तेव्हा चार किंवा पाच असेल असं मला वाटलं होतं. पण आकडा वेगळाच होता.

"एकेचाळीस."

"एकेचाळीस?"

"हो, चार आणि एक."

हे खरं होतं. त्यात एका अक्षराचं खोटं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, आलंय की सगळं. तो उगीच ओरडत असेल, आपल्याला काय कळतंय त्यातलं? माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही. पण ओळी मी वाचल्या होत्या आणि मला त्या कळल्या होत्या.

"पण मघाशी नक्की काही म्हणालं नाही ना?" ह्यांनी पुन्हा विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. ह्यांनी कॉम्प्युटर तसाच ठेवला असता, सोमवारी दुसरा पेनड्राईव्ह आणला असता आणि फार तर एक दिवस गेला असता.

"नाही म्हटलं ना," मी जरा चिडूनच बोलले.

"बरं, बरं."

त्यांनी टेबलाच्या खणातून लिनक्सची सीडी काढली आणि घातली. पुसायच्या आधी तो एकदा विचारतो. होय असेल तर वाय दाबायचा.

"विचारतंय का?"

"विचारतंय."

"तूच दाब. तुझ्या हातानं होऊ दे, आज तूच सगळं केलंस."

मी वाय दाबला.

साडेअकराला तेजल पाठशाळेतून आली आणि खुर्चीच्या कडेला पाय हलवत बसून राहिली. एक वाजायला आला तेव्हा तो बाप्या एकदम बोलला. तेजलनं टाळ्या वाजवल्या, ह्यांनी तिला जवळ ओढून तिच्या डोक्याचा मुका घेतला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. दोन खोल्यांत दार नव्हतं, नुसता पडदा होता.

"बाबा, चौदावी लावा ना. मी रडते ती."

"लावतो." मग थोडा वेळ टकटक. "लागली?"

"नाही."

"थांब. हेडफोन काढ, स्पीकरवर बघू."

त्यांनी पहिली लावली. पद्मजाचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. पहिल्यांदाच मी तो उघडा ऐकला, एरवी हेडफोनमध्ये असायचा. साधा आवाज होता, जरा सर्दी झाल्यासारखा. दुसरी लागली, तिसरी, चौथी, पाचवी. सहावी अर्ध्या वाक्यात तुटली. सातवी लागली नाही. ह्यांनी बाप्याला तिचं वजन विचारलं आणि तो म्हणाला, शून्य. आठवी शून्य. नववी शून्य. नावं एकेचाळीस होती आणि आत काही नव्हतं. तरी ह्यांनी एक सोडली नाही, शेवटपर्यंत एकेकीवर जाऊन विचारत राहिले. मी कणकेत हात घालून उभी होते आणि प्रत्येक शून्य मोजत होते.

मग ह्यांचा आवाज आला.

"तेजल, माझी चूक झाली. पेनड्राईव्हमध्ये जागा आहे का ते बघायचं माझ्याकडनं राहून गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे आईचं पुस्तक एवढंच राहिलं."

पोर किंचाळली. मी पडदा सारून बघितलं तर ती दोन्ही मुठींनी बापाला मारत होती, छातीवर, तोंडावर, आणि तो हात खाली सोडून बसला होता. "माझी शप्पत घेतली होती तुम्ही! माझी शप्पत घेतली होती!" मग मला बघून ती धावत आली आणि माझ्या पोटाला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. माझे हात पिठाचे होते, मी कोपरांनीच तिला धरलं. तिच्या डोक्यावरून मला हे दिसत होते. ह्यांनी कान माझ्याकडं केला होता. मी एखादा शब्द बोलेन म्हणून थांबले असतील. मी "उगी, उगी" म्हणाले, ते तेजलला.

सांगलीला एका दुकानात ह्यांनी तो कॉम्प्युटर नेऊन दाखवला. त्यावर नवीन भरलं गेलंय, आता काही निघणार नाही, असं तो माणूस म्हणाला.

दिवाळीत तेजल मला आई म्हणाली. ओवाळणीचं ताट मागताना अगदी सहज म्हणाली, तिचं तिलाही कळलं नसेल. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. बापाशी मात्र ती कामापुरतं बोलायला लागली. लहान पोरं विसरतात म्हणतात, ही विसरली नाही. दहावी झाली, बारावी झाली, पुण्याला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली. रोज फोन यायचा तो मला. "बाबा बरे आहेत ना?" एवढं विचारून ठेवायची. आणि हे पलंगावर बसून आमचं बोलणं ऐकत राहायचे.

आणखी एक झालं. त्या रविवारनंतर ह्यांनी मला कधी काही वाचायला सांगितलं नाही. पत्र आलं तर शाळेत नेऊन भाऊसाहेबांकडून वाचून घ्यायचे. औषधाची पाकिटं शेजारच्या उपाध्ये काकांना दाखवायचे. लग्नपत्रिकासुद्धा माझ्या हातातून घेऊन खिशात ठेवायचे. भांडण नाही, टोमणा नाही. जेवणाला नाव ठेवलं नाही, माझ्या आजारपणात पाय चेपून दिले. फक्त वाचायला सांगितलं नाही. चौदा वर्षं.

यंदा जानेवारीत ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करायला लागणार म्हणून सांगलीच्या हॉस्पिटलात ठेवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी सिस्टर एक फॉर्म घेऊन आली. "मराठीतच आहे. पेशंटना वाचून दाखवा आणि खाली सह्या करा." मी हात पुढं केला, पण ह्यांनी आधीच तो चाचपून घेतला आणि उशीखाली सरकवला.

"तेजल येतेय ना दुपारपर्यंत. ती वाचेल."

"ती धड बोलत नाही तुमच्याशी."

"वाचेल."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी विचारलं. "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना?"

कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. "पहिल्या शून्यालाच कळलं. जागा संपली की तो बोलतोच. गप्प बसणं त्याला जमत नाही."

"मग बोलला का नाहीत? चार थोबाडीत मारायच्या होत्या मला. घराबाहेर काढायचं होतं."

"आणि पोरीला काय सांगायचं होतं? तिच्या दोन्ही आया गेल्या असत्या." ह्यांना धाप लागली, म्हणून थोडं थांबले. "आणि एक तर मीच घालवली. सगळ्यात शेवटी कुणी ठेवल्या त्या फायली? मीच ना? तुझ्यासमोर त्या आधी काढायला मला जड गेलं. तुला वाईट वाटेल म्हटलं. आधी काढल्या असत्या तर सगळ्या राहिल्या असत्या."

मला रडूसुद्धा आलं नाही. मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले.

बाराच्या सुमाराला तेजल आली. पाठीला बॅग, चेहरा उतरलेला. "आई, कसे आहेत? कोण डॉक्टर करणारायत?" म्हणत माझ्याशेजारी टेकली. मी तिचा हात धरला आणि सांगितलं. रविवार, पेनड्राईव्ह, ओळी, सगळं. तिचं बोट धरून शाळेत सोडायचे तशी एकेक पायरी उतरत गेले, मधलं काही गाळलं नाही. बुधवारचंही सांगितलं. ती आठ वर्षांची होती, तिचा काही दोष नव्हता, हेही सांगितलं.

आधी ती "काय बोलतेयस तू?" म्हणाली. समोरून स्ट्रेचर गेला.

"पडद्यावर नेमकं काय आलं होतं?" तिनं विचारलं.

"नो स्पेस लेफ्ट."

"तुला वाचता आलं होतं ते?"

"आलं होतं."

"कळलं होतं?"

"कळलं होतं गं."

तिनं माझ्या हातातून हात काढून घेतला. "चौदा वर्षं मी त्यांच्याशी..." एवढंच बोलली आणि बॅग बाकावर टाकून आत गेली. मी बसून राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, आता ही बाहेर येईल ती मला ओळख न दाखवता जाईल. गेली तर मी काय म्हणणार होते? माझ्याच हातांनी मी वाय दाबला होता.

दहा-पंधरा मिनिटांनी ती दारात आली. डोळे लाल होते. हातात तो फॉर्म होता.

"आत ये," म्हणाली.

मी आत गेले. ह्यांच्या गालावर ओल होती आणि ती पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. तेजलनं मला खाटेजवळच्या स्टुलावर बसवलं, फॉर्म माझ्या हातात दिला आणि स्वतः माझ्या मागं उभी राहिली.

"तू वाच. मोठ्यानं. मी बघतेय."

"तेजल, राहू दे गं," हे म्हणाले. "तूच वाच की."

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

मी चष्मा लावला. "रुग्णाचे नाव भूपाल आदगोंडा मगदूम. वय पंचावन्न." माझ्या खांद्यावरून तिचा हात पुढं आला आणि बोट ओळीखाली टेकलं. मी एक शब्द वाचला की ते एक शब्द सरकायचं. आजार काय, कुठली शीर कापणार, भूल कसली देणार, किती रक्त लागेल. मी सगळं वाचत गेले. तिसऱ्या कलमाशी आले. "शस्त्रक्रियेदरम्यान किंवा त्यानंतर रुग्णाचा मृत्यू..." ह्यांनी उशीवरची मान वळवून कान माझ्याकडं केला. बोट त्या शब्दाखाली थांबलं होतं, हलायला तयार नव्हतं.

"पुढं," तेजल म्हणाली.

मी पदरानं नाक पुसलं, ती ओळ पूर्ण वाचली आणि मग तिच्या खालची वाचली.